खालच्या वस्तीचं पाणी

नगरपालिकेसमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. कोवळ्या उन्हात समोरचं सगळं स्वप्नातल्यासारखं संथ वाटत होतं. नगरपालिकेच्या पायरीवर निवृत्त शिक्षिका सुलभाताई उभ्या होत्या. गावात प्रत्येक भागाला ठरल्या वेळी पाणी मिळावं, यासाठी महिनाभर खपून त्यांनी नियमांचा मसुदा लिहून आणला होता. तेवढ्यात रिकामे हंडे घेऊन मोर्चा आला. पुढे मोर्चाचे पुढारी दिनकरअण्णा ओरडत होते, "पाणी लोकांचं, साहेबांचं नाही!"

मला दोघांचंही पटत होतं. ताईंना वाटतं, कारभार सुधारला की माणसं सुखी होतील. अण्णांना वाटतं, कारभारच माणसांच्या हाती यावा. या दोन वाटा कुठे मिळत असतील, कोण जाणे.

"अण्णा, नुसतं ओरडून उद्या पाणी येईल का?" ताईंनी विचारलं.

"मग वाचा की तुमचा कागद."

ताईंनी वाचला. गर्दी शांतपणे ऐकत राहिली. हंडा घेतलेली एक बाई हळूच म्हणाली, "बाई, यात आमची खालची वस्ती कुठंय?"

ताईंनी कागद पुन्हा पाहिला. वस्ती राहूनच गेली होती. त्या ओशाळून पायरीवर बसल्या. "किती घरं आहेत? सांगा, लिहिते."

अण्णांनाही ते ठाऊक नव्हतं. मग ती बाईच सांगू लागली.