कोऱ्या कॅसेटांची वाहतूक

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी जळगावच्या आमच्या वाचनालयातील सर्व्हरला टेप ड्राइव्ह, म्हणजे माहितीची नक्कल कॅसेटवर उतरवणारे यंत्र, जोडला. जबाबदार, तो न तपासता गेलेला ठेकेदार. पोळ्याच्या सुमारास दोष कळूनही दडवला; जबाबदार, चिटणीस. दिवाळीनंतर सर्व्हर जळाला. त्यासाठी मी कोणालाही जबाबदार धरत नाही.

त्या सर्व्हरवर बायकांनी गायलेली अहिराणी गाणी होती. त्यांत माझ्या दिवंगत पत्नीचीही होती. तिचा आवाज अन्यत्र कुठेही नाही. गाण्यांची नक्कल टेपवर उतरवून एक कॅसेट गावाबाहेर ठेवायची, असे ठरले होते. म्हणून दर शनिवारी मी नवी कॅसेट एसटीने धुळ्याला नेऊन बहिणीच्या कपाटात ठेवत असे. "नाना, जपून हां, मांडीवरून खाली ठेवू नका," असे चिटणीस हसून बजावत.

सर्व्हर जळाल्यावर मी त्या कॅसेट्स परत आणल्या. सगळ्या कोऱ्या निघाल्या. गाणी चुकून पुसली जाऊ नयेत म्हणून चिटणीसांनी प्रत्येक कॅसेटची छोटी कळ आधीच सरकवून ती बंद केली होती. त्यामुळे यंत्राला तिच्यावर काही लिहिताच येत नव्हते.

"मी त्यांना पोळ्यालाच सांगितलं होतं," ठेकेदार म्हणाला. "ते म्हणाले, नानांना कळवू नका, गावभर पत्रं लिहितील."

अज्ञानाने झालेली चूक मी माफ केली असती. परंतु कळल्यानंतरही ते मला कोरी कॅसेट देऊन बसमध्ये बसवत राहिले. चिटणीसांनी वार्षिक सभेत, सर्व सभासदांसमोर उभे राहून उत्तर द्यावे: कळ पुन्हा सरकवायला एक बोट पुरत होते, तर त्यांनी ती का सरकवली नाही?