फणसाची फळी

पापडी गावचा तो सुतार लाकडावर बोटाने टकटक केल्याशिवाय तोंड उघडत नाही. माझ्या रेकॉर्ड प्लेयरखालचा संगमरवरही त्याने तसाच वाजवून पाहिला. चांगल्या आवाजासाठी इंटरनेटवरचे जाणकार दगडालाच मानतात, असं मी ऐकवलं.

"त्यांचं सोडा, माझंही ऐकू नका. मी लाकूडवाला. ज्याला काही विकायचं नाही, त्याला विचारा."

त्याने माझ्या बायकोला भिंतीकडे तोंड करून बसवलं. खालची बैठक बदलत एकच गाणं सहादा वाजवलं. कधी संगमरवर, कधी त्याच्या वाडीतल्या फणसाची फळी. आवाज मोकळा वाटला की तिने हात वर करायचा. दर वेळी तिचा हात फणसालाच वर गेला.

तो हसलासुद्धा नाही. "वहिनी, दगड तुम्ही घ्या."

आता आमच्याकडे गाणी फणसावर वाजतात आणि पोळ्या संगमरवरावर लाटल्या जातात.