अमोलला गोळी लागते तो पिक्चर

निफाडच्या कुसाबाईंना बिचारी म्हणायची कुणाची टाप नव्हती. द्राक्षांच्या मळ्यात बायकांची टोळी त्यांच्या शब्दावर चाले. थोरला मुलगा सावळीराम फौजेत, सीमेवर. तिकडे गोळीबाराची बातमी आली की बाई टीव्ही बंद करत आणि सगळ्या घराशी भांडत. काळजी करायची त्यांची तीच रीत.

धाकट्या अमोलला नटायचं वेड. त्याला एका सिनेमात काम मिळालं. युद्धाचे दिवस, त्यात उडणारा, एका हाताने रणगाडा उचलणारा सुपरहिरो. अमोलने एवढंच करायचं, की हिरो येण्याआधी जवानाच्या वेषात गोळी खाऊन मरायचं. पोरगा हरखला, पण हे आईला सांगणार कोण? थोरला सीमेवर असताना तिने धाकट्याला वर्दीत मरताना बघायचं? शेवटी त्याने आणि सावळीरामच्या बायकोने, तेजलने, ठरवलं, की तेवढ्या वेळापुरतं आईंना चहाला बाहेर न्यायचं.

शहरातल्या गंगापूर रोडच्या थिएटरात अर्धं गाव लोटलं. अमोल पडद्यावर दिसताच शिट्ट्यांनी थिएटर दणाणलं.

"आई, चला, चहा घेऊ," तेजल म्हणाली.

"गप बस. माझा लेक दिसतोय अन् चहा कसला?"

तेवढ्यात धाडकन गोळी लागली. अमोल कोसळला. आख्खी रांग पडदा सोडून कुसाबाईंकडे बघू लागली. मग हिरो उडत आला, रणगाडे भिरकावू लागला, लोक खुर्च्यांवर चढून नाचले.

कुसाबाई ओरडल्या, "मेल्या, उडता येतं तर आधी यायला काय झालं व्हतं?"

थिएटर हसून लोळलं.

बाहेर अमोल मान खाली घालून उभा होता. बाईंनी त्याच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय झाक मेलास रं! जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. तू तर गावासमोर मेलास. शंभरी गाठशील."

अमोलचा जीव भांड्यात पडला. बाई मात्र परतीच्या जीपकडे निघेनात.

"तुझ्या त्या डायरेक्टरला इचार ना," त्या हळूच म्हणाल्या, "सावळीरामला बी घेतील का? लय काम नको. नुसतं एकदा गोळी लागून पडायचं."

नवऱ्याबद्दल एरवी असं अभद्र कुणी बोललं असतं, तर तेजलने त्याला दारात उभं केलं नसतं. तिने सासूचा हात घट्ट धरला.

"विचारा भाऊजी," ती म्हणाली. "सुट्टी मिळाली की मीच घेऊन येते त्यांना."