बाईची डावी नाडी

तीस वर्षं दवाखान्यात ईसीजी काढले. पट्ट्या उंदरांनी खाल्ल्या, किस्से मात्र कोणी खाल्ले नाहीत, ते नुसते साठत गेले! त्यातले हे सगळे एकाच बाईचे. लातूर जिल्हा उस्मानाबादपासून नुकताच वेगळा झाला होता, पावसाने पाठ फिरवली होती, आणि आमच्या डॉक्टरसाहेबांच्या छोट्या दवाखान्यात महादेवी दाखल झाली.

वय पंचवीस, गाव उदगीरजवळ. टँकरवरून घागर आणताना तिच्या छातीत दुखायचं, बसलं की थांबायचं. सासरे ईरण्णा किराणा दुकान सांभाळून गावाची नाडीही बघायचे. त्यांचं निदान वर्षभर एकच होतं, "कामाच्या वक्तालाच दुखतंय. सवयीनं जातंय."

*

सोनवणे सिस्टरनी बीपी घ्यायला पट्टा बांधला, तर ठोकाच ऐकू येईना. मशीन बदललं, तरी नाही. तिसरं मशीन शेजारून मागवलं. ते सिस्टरनी आधी स्वतःला लावून पाहिलं, चांगलं चालत होतं. महादेवीला लावलं की गप्प! शेवटी त्यांनी केसपेपरवर लिहिलं, "मशीन चालू आहे. पेशंट बंद आहे."

ते वाचून साहेब धावत आले. पेशंट खाटेवर बसून शेंगा खात होती.

*

सुनेची नाडी कधी लागली होती का, असं साहेबांनी ईरण्णांना विचारलं. लग्न झाल्यापासून लागली नव्हती म्हणे. पण सून चालती-बोलती होती, भाकरी थापत होती, म्हणून त्यांनी विषय काढला नव्हता.

"कुठल्या हाताची बघता?"

"बाईची डावी, गड्याची उजवी. एवढं बी ठावं न्हाई का साहेब?"

सिस्टरनीही बाईमाणूस म्हणून सवयीने डाव्याच हाताला पट्टा बांधला होता. साहेबांनी महादेवीचा उजवा हात धरला. नाडी तिथे मजेत उड्या मारत होती!

*

मग मला बोलावलं. ईसीजीची जेली संपली होती, म्हणून मी मिठाच्या पाण्यात कापूस भिजवून काम भागवायचो. तांब्या भरून ठेवला आणि वायरी सोडवून मागे वळलो, तोवर ईरण्णांनी तो घटाघटा रिकामा केला होता.

"लातूरचं पाणी लई खारं हाय," मिशी पुसत ते म्हणाले, "पर थंड हाय."

पट्टी निघाली तेव्हा मात्र माझं हसू गेलं. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांना सूज आहे, साहेबांनी सांगितलं. तिने डाव्या हाताची वाट बंद केलीय आणि आता हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्यांची तोंडं आवळत चाललीत. गोळ्यांनी सूज उतरवायची, मग मुंबईला बायपास. नाही केलं, तर एखाद्या दिवशी ही पोरगी घागरीसकट पडेल. मला फार भीती वाटली.

*

ईरण्णा मुंबईला तयार होईनात. नाडीविना जगते म्हणजे महादेवाची कृपा, असं त्यांनी वॉर्डभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी खाटेशी नारळ फुटायला लागले! सिस्टर ओरडून दमल्या. एका म्हातारीने पाय धरले तेव्हा महादेवीच सासऱ्यांना म्हणाली,

"मामा, देवी व्हायला माझी ना न्हाई. पर देवीला टँकरचं पाणी भराया लावत्यात का?"

ईरण्णांनी खाली मान घालून मुंबईच्या गाडीची चौकशी केली.

*

तिथेही माणूस नडलाच. मुंबईच्या डॉक्टरांना पत्ता देताना ईरण्णांनी जुनाच जिल्हा लिहिला. ऑपरेशनच्या तारखेचं पत्र उस्मानाबाद फिरून आलं, तेव्हा हातात दोन दिवस उरले होते. साहेब भडकले. ईरण्णा शांतपणे म्हणाले, "पंचवीस वर्सं त्योच लिव्हतोय. एकदम कसा सोडावा?"

तरी वेळेत पोचले, आणि महादेवी धडधाकट परत आली. जड उचलायचं नाही, साहेबांनी बजावलं.

*

तीन महिन्यांनी ती तपासणीला आली, सोबत ईरण्णा. यावेळी पेशंट तेच होते. पाणी आता ते भरत होते, बायकांच्या रांगेत, पांढऱ्या धोतरात. घागर उचलली की छातीत दुखतं म्हणाले.

तांब्या लपवून मी ईसीजी काढला. साहेबांनी पट्टी दोनदा पाहिली. हृदय ठणठणीत!

ईरण्णांचं तोंड उतरलं. "मंग घागर?"

महादेवीने सासऱ्याची आधी डावी नाडी पाहिली, मग उजवी पाहिली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "सवयीनं जातंय, मामा."