निमकर काकूंचा अडुळसा

औषधांच्या दुकानात किस्से आपोआप साठतात. गिऱ्हाईक गोळ्या घेऊन जातं आणि गोष्ट ठेवून जातं. पण नव्वदच्या दशकातले माझे सर्वांत चांगले किस्से दुकानातले नाहीत. ते शारजातल्या माझ्या दुकानाजवळ, रोल्ला बाजाराच्या मागच्या गल्लीत, मी जेवायला जायचे त्या निमकर काकूंच्या मेसच्या अंगणातल्या अडुळशाचे आहेत. त्याची फांदी काकूंनी रत्नागिरीहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

*

मी फार्मसीची पदव्युत्तर पदवीधर, याची काकूंना दयाच यायची. एकदा मी म्हटलं, "पानांमुळे कफ पातळ होतो, हे मान्य. पण काढ्यात अर्क किती उतरला, हे मोजल्याशिवाय डोस ठरत नाही."

"ठरतो की! तोंड वाकडं झालं की पुरे!"

*

घरमालक अरबाच्या शेळ्या एकदा अंगणात शिरल्या. पुदिना, मेथी, कढीपत्ता, सगळं खलास! अडुळशाला मात्र त्यांनी तोंडही लावलं नाही. मालकाने कुतूहलाने एक पान चावलं आणि तत्काळ थुंकलं.

"मदाम, बकरी नहीं खाता, तुम बच्चा को देता है?"

*

झुडूप पांढऱ्या फुलांनी भरलं, तेव्हा काकूंनी लेकीला हाक मारली, "मीनल, बघ, फूल कसं सिंहाच्या जबड्यासारखं दिसतं!"

मीनलने निरखून पाहिलं. "आई, ही इज ओन्ली यॉनिंग."

*

शेजारची गरोदर सून खोकत काढा मागायला आली. काकूंनी तिला साफ नकार देऊन डॉक्टरकडे पाठवलं आणि मला विचारलं, "गरोदरपणात अडुळसा देत नाहीत. तुझ्या पुस्तकात आहे का हे?"

"आहे."

"मग पुस्तक बरं दिसतंय!"

*

सावंत मालवणकडचा, साइटवर फरश्या कापायचा आणि काकूंच्या मेसला जेवायचा. व्हिसाच्या मेडिकलला, म्हणजे छातीच्या एक्स-रेला, तीन आठवडे उरले आणि त्याला खोकला लागला. तो माझ्या दुकानात आला.

"मॅडम, फोटोत डाग इलो तर खलास! गावाक परत!"

"एक्स-रेला खोकला ऐकू येत नाही, सावंत. आधी डॉक्टरांना दाखवा."

डॉक्टर म्हणाले, धूळ, मास्क लावा. मास्क मी दिले. काढ्याचा ताबा काकूंनी घेतला. सकाळ-संध्याकाळ एकेक ग्लास!

मेडिकलचा निकाल आला: फिट! सावंत धावत दुकानात आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काढो मी एकदाय पिऊक नाय. मोरीत ओतलंय."

"मग काकूंना सांगून टाका."

"त्यांका? रोज पहाटे उठान उकळत होत्यो!"

शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मेस भरलेली होती. काकूंनी वाफाळतं पातेलं मधोमध आणून ठेवलं. "सावंत फिट झाला तो ह्याच्यावर! सांग रे ह्यांना!"

सावंतने माझ्याकडे पाहिलं. मी पोळ्या वाढत राहिले.

तो उठला. ग्लास काठोकाठ भरून घेतला आणि एका दमात रिकामा केला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"कसा झालाय?" काकूंनी विचारलं.

"काकू, नेहमीसारखोच!"