लमोमचं रडणं

लमोम फुआंगफा टॉकीजमध्ये अकरा वर्षं रडली. पगार घेऊन रडली, आणि असं रडली की पिचित गावातल्या बायका सिनेमाला येताना डोळे पुसायला नवऱ्याचा पंचा घेऊन यायच्या. तिचं हे रडणं दोघांनी मोडलं. त्यातला एक मी.

तेव्हा आमच्याकडच्या सिनेमाला आवाज नसायचा. बँकॉकहून रेल्वेने फिल्मचे पत्र्याचे डबे यायचे आणि सोबत संवादांचे टाइप केलेले कागद. पडद्यावर नट नुसते ओठ हलवायचे. बाल्कनीच्या मागे लाकडी खोली होती, तिथे दोन माइकसमोर बसून आमची माणसं त्यांच्या तोंडी शब्द घालायची. सगळे पुरुष थविनचे. सगळ्या बायका, पोरं, म्हाताऱ्या आणि भुतं लमोमची. घोड्यांच्या टापा, विजांचा कडकडाट आणि तबकड्यांवरचं संगीत माझं. माझं नाव जुक. करवंट्या आपटून पोट भरणारा माणूस मी, पण मनात एकच होतं, आपणही एक दिवस माइकवर बोलायचं.

बाहेरच्या बोर्डावर नटनट्यांच्या नावांएवढ्याच मोठ्या अक्षरांत थविन आणि लमोमची नावं रंगवलेली असायची. सिनेमा कुठला, हे लोक नंतर विचारायचे. लमोम दिसायला काही नव्हती. बुटकी, तोंडावर देवीचे व्रण. बाजारात कुणी वळून बघायचं नाही. पण तिने मासळीचा भाव विचारला की कोळणींचे हात थांबायचे, कारण आदल्या दिवशी हाच आवाज त्यांच्यासमोर पोरांना पोरकं करून गेलेला असायचा.

हा आवाज तिने लिकेच्या फडात कमावला. नवव्या वर्षी बापाने तिला त्या नाटकवाल्यांच्या होडीत बसवलं, आणि तिथे सगळं कानावर चालायचं. फडमालक एकदा सांगणार, पोरगी रात्रभर म्हणणार. त्यामुळे झालं असं, की लमोमला वाचता येत नव्हतं. एक अक्षर नाही. नवा सिनेमा आला की सकाळी थविन तिला सगळे कागद वाचून दाखवायचा. ती डोळे मिटून कलिंगडाच्या बिया फोडत ऐकायची, आणि दुपारी एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. खेळाच्या वेळी तीही कागद समोर ठेवायची. थविनने पान उलटलं की ही उलटायची. एकदा तिचा कागद उलटा होता, तो मी हळूच सुलटा केला. टॉकीजचे मालक हेंगशेठ, त्यांनाही यातलं काही माहीत नव्हतं. माहीत होतं थविनला आणि मला.

थविन देखणा होता. सोन्याचा दात, केसांना तेल, आणि अंगात माज मावेना इतका. त्या वर्षी त्याला रम्फा नावाची पोरगी भेटली. बावीस वर्षांची, शाळा शिकलेली, घडाघडा वाचणारी. तिला शेजारच्या माइकवर बसवायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. हेंगशेठ म्हणाले, "लमोम रडते म्हणून माझ्या खुर्च्या भरतात. तुझी पोरगी घरी रडव."

मग एके दिवशी थविनने मला सिगारेट दिली. तो कुणाला काडीसुद्धा देत नसे.

"जुक, रम्फा आली ना, की विनोदी गड्यांचे आवाज तुझे. माझा शब्द."

"आणि लमोमताई?"

"तिचं ती बघेल. तू फक्त तोंड उघडू नकोस."

सोंग्क्रानच्या, एकमेकांवर पाणी उडवायच्या सणाला मोठा सिनेमा आला, आई आणि मुलाचा. पहिला खेळ दुपारी दोनचा. सकाळी थविन वाचायला बसला, लमोम बिया घेऊन बसली, मी माझी प्रत गुडघ्यावर घेऊन बसलो. विजा कुठे वाजवायच्या ते बघायला मलाही एक प्रत मिळायची. चौथं रीळ आलं. कागदावर होतं की आई मरायला टेकलीये, मुलगा तिच्या पायाशी बसलाय.

थविन म्हणाला, "इथे मजा आहे. म्हातारी ढोंग करतेय. पोरगा नाचणारीच्या मागे लागलाय, त्याला अडवायला ही आजारी पडलीये. खोक, कण्ह, पण मधेच वरणभात मागायचा. लोक लोळले पाहिजेत."

लमोम हसली. "आणि तू?"

"मी खराखुरा रडणार. मी रडलो तरच तुझं हसू येईल ना!"

असं म्हणून त्याने आपल्या मनचे संवाद तिला वाचून दाखवले. सुरेख रचलेले, खरं सांगतो. रात्र जाळली असणार त्याने त्यापायी. मी मान वर केली. त्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. लमोमचे डोळे मिटलेलेच होते. मी मूग गिळून बसलो.

आमच्यात सिनेमा आधी लावून बघायची पद्धत नव्हती. पहिला खेळ लोकांबरोबर आम्हीही पहिल्यांदाच बघायचो. दोन वाजता टॉकीज खच्चून भरलं. सगळे पाण्याने भिजलेले, गालांना पांढरी पावडर, हातात भाजलेली सुकी माकुळ. वर पत्रा तापलेला. तीन रिळं लमोमने लोकांना नेहमीसारखं रडवलं. चौथ्यात पडद्यावर म्हातारी चटईवर पडलेली दिसली. छाती वरखाली होत होती, मुलाने तिचे पाय धरले होते.

"आई, डोळे उघड! मला सोडून जाऊ नकोस!" थविनचा आवाज कापत होता.

लमोम खोकली. असा खोकला की पहिल्या रांगेतली पोरं दचकली. मग म्हणाली, "जाते रे बाळा, जाते... पण चुलीवरची कढी आधी उतरव, उतू जाईल! आणि शिंक्यावरचा सुका मासा मांजराने नेला का बघ!"

हॉल हादरला. रडायच्या तयारीने आलेली माणसं पोट धरून हसू लागली. लमोमला जोर चढला. यम दारात आला तर त्याला म्हणते, चपला बाहेर काढ. थविन हुंदके देतोय, ही मासे मागतेय. बाया पंच्यात तोंड खुपसून हसत होत्या.

आणि पडद्यावर म्हातारीचा हात खाली पडला. मुलाने तिचे डोळे मिटले. पुढच्याच चित्रात भिक्षू आले, चिता आली.

लमोम पडद्याकडे बघत राहिली. माइक चालू होता, ते विसरून ती आपल्या साध्या आवाजात म्हणाली, "मेली?"

त्या एका शब्दाला जेवढा हशा पडला तेवढा फुआंगफाने कधी ऐकला नव्हता.

खेळ संपल्यावर हेंगशेठ जिना चढून आले. थविन खाली मान घालून उभा होता, आता लमोमचं काम जाणार या खात्रीने. पण शेठ डोळे पुसत होते.

"उद्याची तिकिटं आत्ता मागतायत लोक! उद्याही अस्संच. ते 'मेली' तर हवंच हवं."

"शेठ, ती खरंच मरते हो त्यात," लमोम म्हणाली. "कागद चुकला. मी उद्या नीट करते."

"पडद्यावरची आहे, कुणाच्या घरची नाही. हे बघ, रडायला ती नवी पोरगी बसू दे. म्हाताऱ्या तुझ्या. तू हसव."

"मला एक खेळ द्या. एकच. लोक रडले नाहीत तर मी हसवेन, तुम्ही सांगाल तोवर."

शेठना तोटा नव्हता. ते हो म्हणाले.

लमोम दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आली. हातात कागद.

"जुक, तू वाच. खरं काय लिहिलंय तेच वाच." तिने कागद माझ्या हातात दिला. "काल तुझ्याकडे प्रत होती. तू बघत होतास का रे?"

"मी करवंट्या शोधत होतो, ताई."

"हं," ती म्हणाली. "तू बघत असतास तर बोलला असतास."

मी वाचलं. एकेक शब्द खरा वाचला. तिने बिया आणल्या नव्हत्या.

दोन वाजता चौथं रीळ लागलं. चटईवरची म्हातारी दिसली मात्र, लोक खुर्च्यांत पुढे सरकले. लमोमने पहिलं वाक्य घेतलं, "बाळा, दिवा जरा जवळ आण, तुझं तोंड बघू दे." माझ्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांत ती असं बोलली नव्हती. आणि खालून हशा उसळला.

"अगं म्हातारे, खोक की!" कुणीतरी ओरडलं.

ती थांबली नाही. तिने आवाज खाली नेला, लोक हसले. तिने गळा फोडला, लोक आणखी हसले. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, ते काळोख्या खोलीत मला दिसत होतं, त्यांना नव्हतं. शेवटचा श्वास तिने सोडला तोही जसा सोडायला हवा तसा. तेवढ्यात खालून एकाने तिची नक्कल केली, "मेली?" मग सगळं टॉकीज एका सुरात, "मेली? मेली?"

मला हसू आलं. आवरायला गेलो, ते नाकातून फुटलं. लमोमने वळून माझ्याकडे बघितलं. मग माइकवर हात ठेवून ती म्हणाली, "काल तू वाचत होतास." आणि हात काढून पुढच्या चित्रातल्या शेजारणीचं वाक्य घेतलं, वेळेवर.

ती दोन वर्षं हसवत राहिली. मला विनोदी गड्यांचे आवाज मिळाले, पण तिच्यापुढे मी कुणाला हसवणार! मग बोलके सिनेमे आले आणि आम्ही सगळेच रस्त्यावर आलो. थविन रम्फाला घेऊन बँकॉकला गेला. लमोमने धक्क्यावर शेवयांचं दुकान टाकलं. लोक बाकावर बसले की म्हणायचे, "मावशी, मर की एकदा!" ती पळी हातात घेऊन मरायची, ते खुश होऊन आणखी एक वाटी घ्यायचे.

मी सहा वर्षं तिकडे फिरकलो नाही. एकदाच होडी चुकली म्हणून बसलो. तिने मला ओळखलं. मला तिखट जास्त लागतं हे तिच्या लक्षात होतं. वाटी माझ्यासमोर ठेवली. मी काहीही मागितलं नव्हतं. ती तिथेच खोकली, कढी उतरवायला सांगितली, हात वर करून खाली टाकला, आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाली, "मेली."

बाकावरचे सगळे हसले. मी मान खाली घालून वाटी संपवली.