वाघाचा घोडा

वाघाचा घोडा झाला होता. मी ट्रायपॉड खांद्यावरून उतरवला आणि पुन्हा नीट पाहिलं. चॉकलेटी घोडा, पांढरे डोळे, मागच्या दोन पायांवर उभा. त्याच्यासमोर भगव्या फेट्याचा, गुलाबी गालांचा वीर. वर पिवळाजर्द सूर्य आणि चांदीच्या रंगाचा चंद्र. ऑइल पेंट अजून ओला होता आणि त्यावर माश्या चिकटल्या होत्या.

"कसा दिसून राह्यला, मॅडम?" आप्पासाहेबांनी विचारलं. "तुमी येनार म्हनून मुद्दाम करून घेतला."

जे सुचत होतं ते पाहुणी म्हणून गेलेल्या बाईनं बोलण्यासारखं नव्हतं.

मी पुस्तकांसाठी फोटो काढते. लग्नाचे नाही, बारशाचे नाही. चिखलीत हे सांगून सांगून थकले. देवळं, बारवा, गढ्या, झाडं, पाखरं, म्हणजे इतिहासाच्या आणि निसर्गाच्या पुस्तकांत जे लागतं ते. हे काम आमच्या जिल्ह्याच्या वारशावरच्या एका जाडजूड पुस्तकाचं होतं. लोणारचं सरोवर, सातपुड्याचं जंगल, जुनी देवळं, सगळं एकाच पुस्तकात. त्यातलं जंगलाचं प्रकरण आमच्या चिखलीचे इंगळे सर लिहीत होते. सर भूगोल शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या प्रकरणाची सुरुवात या एका दगडापासून होती. दगड सोनाळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. अजून कोणी डबा-ब्रश घेऊन तिथं जायला नको.

लढताना मेलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड म्हणजे वीरगळ. बहुतेकांवर लढाई असते, नाहीतर पळवलेल्या गाई सोडवणारा वीर. या दगडावरचा माणूस वाघाशी लढत होता. आणि वाघाच्या मागे, खालच्या कोपऱ्यात, वाघाची शेपटी तोंडात धरलेला कुत्रा होता. गळ्यात पट्टा असलेला, म्हणजे घरचा. माणूस, वाघ आणि पाळलेला कुत्रा एकाच दगडावर, असं सरांनी आपल्या भागात दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं.

ऊन-पावसानं कोरीवकाम इतकं झिजलं होतं की भर दुपारी तिथं नुसता गोटा दिसायचा. अशा दगडाचा फोटो तिरप्या उजेडात काढतात. सूर्य अगदी खाली असला की ऊन बाजूनं येतं, बारीकशा उंचवट्याचीही सावली पडते आणि बुजलेली रेघ वर येते. सरांबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा आभाळ भरलेलं होतं. ज्यांच्या वावरात हा दगड आहे त्या कौसाबाईंनी माझा हात धरून बोट कुत्र्याच्या पट्ट्यावरून फिरवलं, तेव्हा कुठे तो मला सापडला. त्या दिवशी मोबाइलवर काढलेल्या फोटोत वाघ जेमतेम कळत होता. कुत्रा सांगितला तरच दिसत होता. म्हणून हिवाळ्यातली सकाळ धरून मी पुन्हा आले होते.

मधल्या काळात पुस्तकाच्या संपादकांनी नेहमीच्या रीतीप्रमाणे गावाला कळवलं होतं की फोटोग्राफर येत आहेत, सहकार्य करावं. फोटो काढायचा म्हटलं की आपल्याकडे माणूस आधी केस विंचरतो. गावानं देवाचे केस विंचरले. देवाला रंग द्यायची रीत जुनी आहे, त्याबद्दल मी गावावर रागावले नाही. मी रागावले आप्पासाहेबांवर. ते तालुक्यातले पुढारी. सरांचं लिखाण त्यांना आधीच दाखवलेलं होतं, कारण पुस्तकाच्या बऱ्याच प्रती तेच घेणार होते.

"घोडा कुठून आला?" मी विचारलं.

"रंगाऱ्याले काही समजून नाही राह्यलं. मंग मीच म्हनलं, वीर आहे त घोडा पाहिजेच. आमच्याच घरान्यातला असन तो."

"तो वाघ होता, आप्पासाहेब. तुम्ही वाचलंय."

"वाचलं न. पन वाघ दिसत कुठी होता?"

"आणि कुत्रा?"

ते हसले. "देवापाशी कुत्रं काऊन ठेवायचं? तिथी खड्डाच होता. लांबी भरून घेतली."

लांबी म्हणजे भिंतीच्या भेगा बुजवतात ती पुट्टी. कुत्र्यावर पुट्टीचा थर आणि त्यावर हिरवं गवत काढलेलं होतं. मला त्या गवताची चीड आली तेवढी घोड्याचीही आली नव्हती.

कौसाबाई तोवर मागे उभ्या होत्या. पदराखाली भाकर होती. त्यांच्या घरात नवी ज्वारी आली की पहिली भाकर कुत्र्याची. वीराचा नारळ मागाहून. आधी दगडाच्या त्या कोपऱ्यात, कुत्र्याच्या तोंडाशी तुकडा ठेवायचा. त्यांच्या सासूनं त्यांना तेच शिकवलं होतं.

"आता भाकर कुठी ठेवू वं बाई?" त्यांनी मला विचारलं.

मी कॅमेरा काढला. ऊन बाजूनं येत होतं, अगदी हवं तसं, पण पेंटच्या चकाकीनं सगळं पांढरं होत होतं. दगडावर चादरीची सावली धरून बाजूनं फ्लॅश मारला. घोड्याच्या पोटाखाली वाघाच्या पंज्याची कड पुसटशी दिसली. कोपऱ्यात काहीच नाही. पुट्टी सपाट, गवत हिरवं.

माझा चेहरा पाहून आप्पासाहेब म्हणाले, "नाराज नोका होऊ. ग्राइंडर बलावतो. घासून टाकू, झालं."

मग मात्र माझा आवाज चढला. "ग्राइंडर लावला तर रंगाबरोबर दगडही जाईल. आता निदान आत काहीतरी शिल्लक आहे. तेवढं तरी राहू द्या. तुमच्या घराण्याचा वीर पाहिजे तर घरी पुतळा उभारा, पण याला हात लावू नका."

"तुमी त चिडल्या."

"हो, चिडले."

माझा राग रंगावरच आहे असं समजून आप्पासाहेबांनी फोन काढला आणि खरोखर ग्राइंडरवाल्याला लावला. तेव्हा कौसाबाई पुढे आल्या आणि दगडाला पाठ लावून खाली बसल्या.

"येऊ द्या त्याले," त्या म्हणाल्या. "मी नाही उठत."

आप्पासाहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग गाडीत बसून गेले. कौसाबाई उठल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला पाठीवर घोड्याचा चॉकलेटी रंग लागला होता. ग्राइंडर काही आला नाही. त्या दिवशी आम्ही एवढंच जिंकलो.

सोनाळ्याच्या स्टँडवरून मी संपादकांना फोन केला.

"रंग कसे आलेत फोटोत?" त्यांचा पहिला प्रश्न.

"सर, तिथं घोडा नाहीच. वाघ आहे."

"आप्पासाहेबांचा मला फोन येऊन गेला. वाचकाला जे दिसेल तेच आपण छापायचं ना?"

"मग माझा आधीचा मोबाइलवरचा फोटो छापा. खाली नीट लिहा काय आहे ते."

"मोबाइलचा फोटो एवढ्या मोठ्या पुस्तकात? प्रेसवाले हसतील."

"तर या पानावर माझं नाव नको."

"ठीक आहे, काढतो," ते म्हणाले. अगदी सहज म्हणाले.

पुस्तक निघालं. पूर्ण पानभर घोडा, खाली 'वीर आणि त्याचा अश्व'. घोड्याचा फोटो मी दिला नव्हता, म्हणून आप्पासाहेबांनी आपल्या मोबाइलवर काढलेला छापला. माझा मोबाइलचा फोटो छापण्यालायक नव्हता, त्यांचा होता. इंगळे सरांची कुत्र्यावरची दोन पानं गेली. सर भांडले, पण तोवर पुस्तक प्रेसला गेलेलं होतं. "पुरावा आता लांबीखाली आहे," ते मला म्हणाले, "आणि वर आपण सांगणार कुत्रा होता. कोण ऐकणार?"

असा रंग काढता येतो. पण ते काम जाणकारानंच करायचं असतं, परवानगी घेऊन, आणि गावानं ते मागावं लागतं. गावाला घोडा आवडतो. पोरं त्याच्याबरोबर सेल्फी काढतात. कौसाबाई भाकर अजून त्याच कोपऱ्यात, हिरव्या गवतावर ठेवतात.

मध्यंतरी लोणारकडच्या एका गावातून फोन आला. त्या पानावर माझं नाव नाही, पण संपादकांनी नंबर दिला होता.

"ताई, तुमचं पुस्तक पाहिलं. आमच्याकडं बी तसाच दगड हाये. या फोटो काढायला. तयार करून ठिवलाय."

मी विचारलं, "तयार म्हणजे?"

"रंगवला न. पुस्तकात हाये तसाच. घोडा बी तसाच काढला."

"त्याच्यावर आधी काय होतं?"

"काय की, ताई. दिसतच नव्हतं काही. म्हनून तर रंगवला."

आता मी कुठल्याही गावाला न कळवता जाते. संपादकांनाही सांगत नाही.